राजीची साखर

कर्नाटकातल्या हुमनाबादच्या एका टोकाला, बंद पडलेल्या तेलमिलच्या मागं एक गल्ली आहे. निम्मी घरं बौद्धांची, निम्मी मराठ्यांची आणि लिंगायतांची, आणि दोन्हींच्या मधोमध अंगणवाडी. इंदिराबाई त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. आता निवृत्त झाल्यात. पण गल्लीतल्या कुठल्याही तरण्या माणसाकडं बोट दाखवा, इंदिराबाई सांगणार, की हा लहानपणी मुकाट्यानं उप्पीट खायचा, की त्यातले शेंगदाणे तेवढे वेचून बाकीचं शेजारणीच्या ताटात सारायचा. कोण झोपेत अंगठा चोखायचं, कोण आईची साडी सोडत नसे, कोण खोटं बोललं की कसं ओळखू यायचं, सगळं त्यांना पाठ. शेजारच्या कलाबाईंचा सोनू खोटं बोलला की आपणहून भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. त्याला कुणी शिक्षा दिलेली नसायची.

लेकरांची भांडणं सोडवायची इंदिराबाईंची एक रीत होती. भांडलेल्या दोघांना समोरासमोर उभं करायचं. एकमेकांचे कान एकमेकांच्या हातात द्यायचे. "राजी?" म्हणून विचारायचं. दोघांनी "राजी" म्हटलं की डब्यातली चिमूट चिमूट साखर दोघांच्या तोंडात घालायची. पितळी डबा, झाकणाला पोचा पडलेला. साखरेपायी काही लेकरं मुद्दाम भांडायची, हे इंदिराबाईंना माहीत होतं. पण साखरेसाठी का होईना, राजी होतात ना, म्हणून त्या काणाडोळा करत.

लेकरं मोठी झाली, भांडणंही मोठी झाली. डबा तोच राहिला. नालीच्या पाण्यावरून, शेळीनं खाल्लेल्या तुरीवरून, मोटारसायकलच्या धक्क्यावरून तंटा झाला की माणसं इंदिराबाईंच्या ओसरीवर येत. "अक्का, साखर काढ की," म्हणत. गल्लीत त्यांना सगळेच अक्का म्हणायचे, त्यांच्याहून थोरलेसुद्धा. रागाच्या भरात कुणी पोलिसात गेलेलं असलं, तरी आठ-पंधरा दिवसांत राजी व्हायची. मग कोर्टाचं बोलावणं आलं की साक्षीदार जाऊन सांगत, "मी काय पाहिलं न्हाई." स्वतः इंदिराबाईसुद्धा अशा एका खटल्यात जाऊन तसं सांगून आल्या होत्या. आपण शपथेवर खोटं बोललो असं त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं. भांडण मिटलं, म्हणजे ते झालंच नाही, एवढा सरळ विचार होता तो.

तेलमिलची भिंत आणि गल्ली यांच्यामध्ये एक बोळ आहे. मोठ्या रस्त्याला जायची जवळची वाट तीच. गेल्या काही वर्षांत दिवेलागणीला त्या बोळात पिणारी पोरं बसू लागली. कॉलेजहून येणाऱ्या मुलींना ऐकवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातातला फोन हिसकायचा. त्यातलं कुणी सापडलं तर चार शिव्या, एक थप्पड आणि पुढच्या रविवारी साखर.

एका संध्याकाळी यल्लम्मा त्या बोळातून भाजीचा गाडा ढकलत येत होत्या. यल्लम्मा जवळच्या दुबलगुंडी गावच्या. रोज सकाळी बसनं येऊन मंडईतून भाजी उचलायच्या आणि भाड्याच्या गाड्यावर गल्लोगल्ली विकायच्या. मराठी बोलताना मध्येच कानडीत शिरायच्या आणि हिशेब मात्र नेहमी कानडीतच करायच्या. लेकीचा फोन आला म्हणून त्या थांबल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी फोन ओढला. यल्लम्मांनी तो सोडला नाही. मग जोरात धक्का बसला. यल्लम्मा दगडावर पडल्या आणि हात मनगटापाशी मोडला.

इंदिराबाई चार पावलांवर होत्या. शेळीला बांधायला निघाल्या होत्या.

"सोन्या!" त्या ओरडल्या.

सोनूनं वळून बघितलं. चेहरा पार उतरला त्याचा. मग तो पळाला.

त्या रागातच इंदिराबाईंनी पोलिसांना जबाब दिला. जे पाहिलं ते सगळं सांगितलं. दोन दिवसांत सोनू सापडला, फोनही त्याच्याकडं सापडला. मग तो जामिनावर सुटून आला आणि त्याच संध्याकाळी कलाबाई ओसरीवर आल्या.

कलाबाई आणि इंदिराबाई यांच्या घरांची मधली भिंत एकच. त्या भिंतीला विटेएवढं भोक होतं. घर बांधताना राहिलेलं. दोघींनी ते कधी बुजवू दिलं नाही. इकडचं आंबट वरण तिकडं जायचं, तिकडचं ठेचलेलं तिखट इकडं यायचं. कलाबाईंचा नवरा हैदराबादला कामाला. सणावारीच यायचा. सोनूला इंदिराबाईंनी अंगणवाडीत भरवलं होतं तसंच ह्या भोकातूनही.

"अक्का, साखर काढ," कलाबाई म्हणाल्या. डोळे सुजले होते त्यांचे. "चुकलं पोराचं. यल्लम्माला बोलावून आणलंय मी."

यल्लम्मा गळ्यात हात अडकवून उभ्या होत्या. सोनूनं त्यांचे पाय धरले. निम्मी गल्ली ओसरीखाली जमली होती.

"राजी?" इंदिराबाईंनी विचारलं.

यल्लम्मांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. "राजी," म्हणाल्या. साखर तोंडात घेतली, डाव्या हातानं पदर सावरला आणि बसला उशीर होतोय म्हणून निघून गेल्या.

झालं. आता समन्स येईल तेव्हा जाऊन "पाहिलं न्हाई" म्हणायचं, एवढंच राहिलं होतं.

त्याच सुमारास गल्लीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीवर कागद लागला, की रविवारी सरकारी वकील गल्लीच्या लोकांना भेटायला येणार आहेत. सरकारी वकील गल्लीत येतो, हे कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. इंदिराबाईंचे यजमान नरसिंगराव म्हणाले, "काय तरी चूक झाली असंल. नोटीस आपल्याला न्हाई, आपणच नोटिशीला बोलावलंय असं दिसायलंय."

आल्या त्या मैत्रेयीबाई. बिदरच्या, बौद्ध घरातल्याच, पस्तिशीच्या आतबाहेर. काळा कोट काढून हातावर टाकलेला. विहाराच्या सतरंजीवर सगळ्यांबरोबर खालीच बसल्या.

"म्याडम, तुम्ही पोलिसांच्या बाजूच्या का?" विलासअण्णांनी विचारलं. विलासअण्णा निवृत्त बस ड्रायव्हर. कुठंही पहिला प्रश्न त्यांचाच.

"ज्याला लागलं, त्याच्या बाजूनं कोर्टात बोलायचं, ते काम माझं."

"मग माझं रेशनकार्ड..." नरसिंगरावांनी हात वर केला.

"ते माझ्याकडं न्हाई, काका."

"आणि बोअर?"

"बोअर पण न्हाई."

"मग काय आहे तुमच्याकडं?" विलासअण्णा म्हणाले आणि सगळे हसले. मैत्रेयीबाईही हसल्या.

"प्रश्न आहेत. तुम्हाला ह्या भागात कुठं जायचं भ्या वाटतं? आणि कधी?"

 मग बायका एकदम बोलू लागल्या. बोळ. तेलमिलचा बोळ. दिवे लागायच्या वेळी, जेवणं होईपर्यंत. खांबावरचा दिवा फोडलाय, तो पुरसभा, म्हणजे नगरपालिका, बदलत नाही. मिलच्या पायऱ्यांवर बसतात मेले. मुली लांबच्या रस्त्यानं येतात.

"दिव्याचं पुरसभेला मी सांगते. पोलिसांना फिरतीची वेळ बदलायला सांगते. पण एक माझ्या हातात न्हाई." त्यांनी हातावरचा कोट मांडीवर ठेवला. "कुठल्या एका केसचं मी इथं बोलणार न्हाई. पण ह्या गल्लीच्या केस कोर्टात उभ्या राहिल्या की कुणाला काही दिसलेलंच नसतं. बोळातून सगळे डोळे मिटून चालतात की काय?"

"तसं न्हाई म्याडम. आमच्यात राजी होते," विलासअण्णा म्हणाले. "अक्का साखर देते. गोडीनं मिटतं."

"बरं. आणि मग पुन्हा होत न्हाई?"

विलासअण्णा चहाचं बघायला उठले.

सभा उठली. चपला शोधता शोधता एक सून दुसरीला म्हणाली, "आता भाजी कुठनं आणायलीस गं? यल्लम्मा येईनाच की."

"मंडईतनं. लई लांब पडायलंय."

इंदिराबाईंनी ते ऐकलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. त्या राजीच्या दिवसापासून यल्लम्मांचा गाडा गल्लीत आलाच नव्हता. हात मोडलाय म्हणून येत नसतील, असं त्यांनी स्वतःला सांगून बघितलं. पण ते पटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मंडईत गेल्या.

यल्लम्मा तिथंच होत्या. गाडा नव्हता, खाली गोणपाट अंथरून बसल्या होत्या. एका हातानं कोथिंबिरीच्या जुड्या लावत होत्या.

"कामून येईनास गं गल्लीत?" इंदिराबाईंनी विचारलं. "राजी झाली की आपली."

"झाली की," यल्लम्मा म्हणाल्या. मान वर केली नाही. "तुम्ही विचारलात, मी व्हय म्हटले. काय म्हणायचं होतं, अक्का? अख्खी गल्ली एका बाजूला उभी, मी एकटी दुसऱ्या बाजूला. 'इल्ला' म्हणाले असते तर मला भाजी विकू दिली असती का कुणी?"

"तसं न्हाई गं ते..."

"तुम्ही लेकरांना साखर देत होतात ना? चांगलं करत होतात. दोन लेकरं भांडली, दोघांना सारखंच लागलेलं असतंय. इथं हात माझा मोडला. त्यानं काय मोडलं, सांगा बघू."

एक गिऱ्हाईक आलं. यल्लम्मांनी डाव्या हातानं तराजू उचलायला बघितलं, तो कलंडला. इंदिराबाईंनी पटकन धरला.

"सोडा अक्का," यल्लम्मा म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "करते मी. सवय व्हायलीय."

घरी येताना इंदिराबाईंनी मुद्दाम बोळातली वाट धरली. त्यांना एकेक राजी आठवू लागली. दरवेळी आपण "राजी?" म्हणून विचारलं तेव्हा पहिल्यांदा कुणी "व्हय" म्हटलं होतं? ज्यानं मारलं त्यानं. ज्याला लागलं तो गल्लीच्या तोंडाकडं बघून मागनं म्हणायचा. त्यांना हे आधी कसं दिसलं नाही? लेकरांच्या बाबतीत तर त्यांना सगळं दिसायचं.

दोन दिवसांनी त्या कोर्टात मैत्रेयीबाईंच्या खोलीत गेल्या. खुर्चीच्या काठावर बसल्या.

"मी खरं सांगायला आले तर पोराला जेल होईल का?"

"होऊ शकते. शिक्षा न्यायाधीश ठरवतात, मी न्हाई. खोटं आश्वासन देणार न्हाई मी तुम्हाला."

"वीस वर्षांचं पोरगं आहे ते. आत गेलं तर जास्तीच बिघडून यायचं."

"पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या, लहान वयाच्या मुलाला चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायची सोय कायद्यात आहे. अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. जिला लागलं तिला भरपाई द्यायला लावून. पण मावशी, ती सोय गुन्हा सिद्ध झाल्यावरची आहे. केस पडली तर त्याच्यावर लक्ष ठेवायचा हक्क कुणालाच राहत न्हाई, आणि यल्लम्मांच्या हातावर कुणी फुंकरही घालणार न्हाई. आणि सोय दिली, तर त्याला सांभाळून घ्यायला गल्लीतली माणसं लागतील. ती मी कुठून आणू?"

"ती मी आणते," इंदिराबाई म्हणाल्या. मग जरा घुटमळून म्हणाल्या, "काय बोलायचं ते एकदा सांगून ठेवा."

"ते मी मुळीच सांगणार न्हाई. पाहिलं तेवढं सांगायचं. पाहिलं न्हाई ते सांगायचं न्हाई. आणि आणखी एक सांगून ठेवते. सोनूचे वकील तुमच्या जुन्या साक्षीचं काढतील. तेव्हा खोटं बोललात का, असं विचारतील. तिथंही खरंच सांगावं लागेल. त्याचा त्रास तुम्हाला होऊ शकतो."

"किती?"

"शपथेवर खोटं बोलणं हाही गुन्हाच आहे, मावशी."

इंदिराबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "मावशी नको. सगळे अक्का म्हणतात मला."

त्या संध्याकाळीच त्या कलाबाईंकडं गेल्या. चोरून काही करायचं नाही, हे त्यांनी वाटेतच ठरवलं होतं.

"कला, मी कोर्टात पाहिलेलं सांगणार."

कलाबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला. "साखर दिलीस की तू."

"चुकलं माझं. यल्लम्माच्या मनाविरुद्ध दिली."

"आणि माझ्या मनाचं काय? ज्या हातानं लेकराला भरवलंस, त्याच हातानं जेलात ढकलायलीस?" कलाबाई उठून उभ्या राहिल्या. "त्या बिदरच्या वकिलीणबाईनं चार गोड गोष्टी सांगितल्या आणि तू भाळलीस. आपली म्हणत होते तुला. जा. पुन्हा माझी पायरी चढू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या भिंतीच्या भोकात वीट बसवलेली होती. पलीकडून, मातीनं लिंपून.

इंदिराबाई तिच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग शेळीला चारा टाकला, पदर खोचला आणि गल्लीतल्या पहिल्या घराची कडी वाजवली. दारोदार फिरल्या. प्रत्येक घरी एकच मागणं. दिवेलागणीला बायकांनी आपापलं निवडायचं-टिपायचं सूप घेऊन तेलमिलच्या पायऱ्यांवर येऊन बसायचं. घरात बसून करता तेच तिथं बसून करा.

"आणि पोरं आली तर?"

"येऊ देत. त्यांनाही शेंगा सोलायला बसवू."

पहिल्या संध्याकाळी इंदिराबाई आणि आणखी एक म्हातारी अशा दोघीच होत्या. पोरं आली, बघून थबकली. एकानं शीळ घातली.

"बंडेप्पाचा नातू का रे तू?" इंदिराबाई सुपातून डोळे न काढता म्हणाल्या. "चड्डी ओली झाली की माझ्या पाठीमागं लपायचास. ये, बस."

बाकीची पोरं खो खो हसली आणि बंडेप्पाचा नातू तोंड लपवून निघून गेला. आठवडाभरात पायऱ्यांवर बसायला जागा पुरेना. पुरसभेच्या माणसानं येऊन दिवा बसवला. मैत्रेयीबाईंनी दोनदा फोन केला होता म्हणे. पोलिसाची फिरती दुपारच्या ऐवजी संध्याकाळी होऊ लागली. मुली पुन्हा बोळातून येऊ लागल्या. येता येता शेंगा तोंडात टाकू लागल्या.

पण कलाबाई त्या पायऱ्यांवर कधी आल्या नाहीत. आणि गल्लीत कुजबुज होतीच. बोळाची राखण वेगळी, शेजारणीच्या पोराविरुद्ध साक्ष वेगळी. नरसिंगरावांनाही धास्ती होती. समन्स आलं त्या दिवशी ते म्हणाले, "तुझा बीपी वाढतोच की मधनंमधनं. त्या दिवशी वाढू दे जरा. डाक्टर चिठ्ठी देईल."

"आता माझं बीपीसुद्धा खोटं बोलायचं का?" इंदिराबाई म्हणाल्या.

साक्षीच्या दिवशी नरसिंगराव एक पिशवी घेऊन निघाले. आत शाल, गोळ्या, दोन साड्या आणि दशम्या.

"हे काय?"

"जुन्या साक्षीपायी तुला आत घातलं तर? तिथं थंडी असती म्हणत्यात."

इंदिराबाई हसल्या. पण पिशवी घरी ठेवा म्हणाल्या नाहीत.

कोर्टात त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा हात कठड्यावर घट्ट होता. समोर सोनू. मागच्या बाकावर कलाबाई, आणि दाराशी यल्लम्मा. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट अजून वाकडंच दिसत होतं. मैत्रेयीबाईंनी विचारलं, त्या दिवशी काय पाहिलं. इंदिराबाईंनी सांगितलं. मागून आला, फोन ओढला, तिनं सोडला नाही, म्हणून ढकललं, ती पडली. कुणी? "सोनूनं." 

मग सोनूचे वकील उठले. वयस्कर, शांत माणूस.

"ह्या भांडणात तुम्हीच राजी केली होती?"

"केली होती."

"म्हणजे भांडण मिटलं."

"माझं मिटलं. जिचा हात मोडला, तिचं न्हाई मिटलं. मी तिला नीट विचारलंच न्हाई."

"आरोपीच्या आईशी तुमचं बोलणं बंद आहे. वैरातून सांगताय तुम्ही."

"तिनं बंद केलंय. मी न्हाई. आणि ह्याच्याशी वैर?" इंदिराबाईंनी सोनूकडं बघितलं. "माझ्या हातचं खाऊन मोठा झालाय हा. वैर असतं तर गप्प बसले असते. आणखी बिघडू दिलं असतं."

"ह्याच कोर्टात, मागच्या एका केसमध्ये, तुम्ही शपथेवर सांगितलंय की काही पाहिलं न्हाई. तेव्हा खरं बोललात की आज?"

नरसिंगरावांनी पिशवी छातीशी धरली.

"तेव्हा पाहिलं होतं, आणि न्हाई म्हटलं," इंदिराबाई म्हणाल्या. "आज पाहिलेलं सांगायले."

"म्हणजे शपथ घेऊन खोटं बोलला होतात."

"व्हय. बोलले होते."

 न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं. कानडीत विचारलं, की ह्याचा अर्थ तुम्हाला कळतो ना. "गोत्तू, अम्मा," इंदिराबाई म्हणाल्या. माहीत आहे. आणि वाट बघत उभ्या राहिल्या. न्यायाधीशबाईंनी ते लिहून घ्यायला सांगितलं आणि पुढचा प्रश्न विचारा म्हणाल्या.

पुढचा प्रश्न नव्हता. इंदिराबाई खाली उतरल्या तेव्हा त्यांना दिसलं, सोनू आरोपीच्या जागी उभा होता, आणि त्यानं तोंड भिंतीकडं केलं होतं.

यल्लम्मांचीही साक्ष झाली. त्यांनी एका ओळीत सगळं सांगितलं आणि राजीबद्दल विचारल्यावर म्हणाल्या, "साखर खाल्ली. फोन आणि हात तेवढ्यानं येत न्हाई."

निकाल लागायला पुढं काही महिने गेले. सोनू दोषी ठरला. शिक्षेचं बोलणं सुरू झालं तेव्हा मैत्रेयीबाईंनी सांगितलं, की मुलगा वीस वर्षांचा आहे, आधी कधी दोषी ठरलेला नाही आणि गल्लीतली काही माणसं त्याची जबाबदारी घ्यायला स्वतःहून आली आहेत. विलासअण्णा पांढरा शर्ट घालून जामीन राहायला उभे होते. न्यायाधीशबाईंनी यल्लम्मांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "जेलात घालून माझं मनगट सरळ होणार न्हाई. पण पुन्हा केलं तर सोडू नका." सोनूला हमीवर सोडलं. दर महिन्याला अधिकाऱ्यापुढं उभं राहायचं, यल्लम्मांच्या औषधपाण्याचा खर्च आपल्या मजुरीतून भरायचा, आणि चुकला तर शिक्षा भोगायला परत यायचं. इंदिराबाईंच्या जुन्या साक्षीबद्दल अजून काही आलेलं नाही. येणारच नाही असं मैत्रेयीबाई म्हणालेल्या नाहीत. नरसिंगरावांनी पिशवी खुंटीला तशीच टांगून ठेवलीय. फक्त दशम्या काढून घेतल्यात.

त्यानंतरच्या एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी हाक ऐकू आली. "मेथी, कोथिंबीर, वांगेऽ..." यल्लम्मांचा गाडा. बायका बाहेर आल्या. पण आल्या आल्या कुणी भाव केला नाही. सगळ्याच नुसत्या उभ्या राहिल्या. मग विलासअण्णांच्या सुनेनं वांगं दाबून बघितलं आणि म्हटलं, "आज महाग लावू नका बरं का." मग नेहमीसारखा कलकलाट सुरू झाला.

इंदिराबाई डबा घेऊन बाहेर आल्या. पितळी, झाकणाला पोचा पडलेला. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि कलाबाई पायरीवर आल्या. मागं सोनू. कलाबाईंनी डबा बघितला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्या इंदिराबाईंशी बोलल्या.

"आता तरी देशील का साखर? सगळं झालं की. कोर्टसुद्धा झालं."

 इंदिराबाईंनी डबा उघडला नाही. गाड्यापाशी गेल्या आणि तो यल्लम्मांच्या हातात दिला.

"हे तुझ्याकडं ठेव," त्या म्हणाल्या. "इतके दिवस मी विचारत होते. आता तू सांग. सांगावं वाटलं तर. न्हाई वाटलं तर डबा तुझाच."

यल्लम्मांनी डबा डाव्या हातात घेतला. वजन बघितल्यासारखा जरा वरखाली केला. सोनूकडं बघितलं. तो खाली बघत होता, पण भिंतीकडं वळला नव्हता.

"ईग बेडा," यल्लम्मा म्हणाल्या. "आत्ता न्हाई. बघू."

डबा त्यांनी कोथिंबिरीच्या जुड्यांमागं नीट ठेवला, हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी कांदे लावले आणि कलाबाईंना विचारलं, "तुम्हाला काय देऊ, अक्का? मेथी कवळी हाय."

कलाबाई जरा वेळ उभ्या राहिल्या. मग खाली उतरल्या आणि मेथीची जुडी निवडू लागल्या.

त्या दिवशी दुपारी इंदिराबाईंना भिंतीपलीकडून खरवडल्याचा आवाज आला. थोडी माती पडली आणि वीट मागं ओढली गेली. भोकातून वाटी काही आली नाही. पण मेथी फोडणीला टाकल्याचा वास आला.